साखर, सरपण आणि उरलेलं फळ

व्यापारी बागेत उतरला की मोठं, गोल, एकसारखं फळ क्रेटमध्ये भरतो. बारकं, डागी, सालीला खरचटलेलं तिथेच झाडाखाली राहतं. वरुड-मोर्शीत संत्र्याचं हेच, काटोल-नरखेडातही हेच. बांधावरच्या कवठाला, नाल्याकाठच्या जांभळीला आणि परसातल्या जामाला तर व्यापारी विचारतही नाही. (आपल्याकडे विदर्भात पेरूला जाम म्हणतात. तेव्हा इथे जाम म्हणजे झाडावरचा आणि जॅम म्हणजे बाटलीतला, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.) इतकं फळ मातीत जाताना पाहून घरातलं कोणीतरी म्हणतंच, चला, जॅम करून टाकू, फुकटात पडेल.

फुकटात पडत नाही. एक किलो साखर घातली की साधारण दीड किलो जॅम उतरतो. साखर ४५ रुपये किलो धरली तर किलोभर जॅममागे ३० रुपये नुसत्या साखरेचे झाले. वर चार-पाच लिंबं, तासाभराचा गॅस किंवा चुलीचं सरपण. फळ घरचं आणि बाटली जुनी असेल तर सगळं मिळून किलोला पन्नासच्या आसपास जातं. दुकानातल्या बाटलीच्या मानाने हे स्वस्तच. पण पाक आळला नाही, बुरशी आली किंवा बुडाला लागला, की फळासोबत साखर गेली आणि सरपणही गेलं. फळात काटकसर करायला जागाच नाही, ते आधीच फुकट आहे. खरी बचत एकच, एकही घाणा (एका वेळी शिजवलेला माल) वाया जाऊ न देणं.

आणि लोक हात आखडतात तो नेमका साखरेवर. किलोभर गराला पाव किलो साखर घालून ‘कमी गोड’ जॅम करतात, चार बाटल्या भरतात आणि पंधरा दिवसांनी झाकण उघडलं की वर पांढरी-हिरवी लव दिसते. जॅममधली साखर गोडीपुरती नसते. ती पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला आणि यीस्टला वापरायला पाणी उरत नाही. म्हणून तयार जॅममध्ये विरघळलेला घन भाग निदान ६५ टक्के असावा लागतो. विकायच्या जॅमला तर हा नियमच आहे, शिवाय बहुतेक जॅममध्ये फळ निदान ४५ टक्के असावं लागतं. साखर कमी घालायची असेल तर खुशाल घालावी, पण मग तो जॅम फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायचा. वर्षभराच्या आशेने फळीवर मांडायचा नाही.

जॅम आळतो तो पेक्टिन, आंबट आणि साखर या तिघांची गाठ पडली तर. पेक्टिन हा फळाच्या पेशींच्या भिंतीतला चिकट भाग. पाण्यात त्याचे धागे एकमेकांना दूर ढकलत राहतात. आंबटाने हे ढकलणं कमी होतं, साखर मधलं पाणी ओढून घेते, आणि मग धागे एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. तिघांतलं एक जरी कमी पडलं तरी कितीही उकळा, हाती पाकच येतो. आठवडी बाजारातून परतताना ‘जेली काऊन (का) नाही जमली’ (जेली म्हणजे गर गाळून नुसत्या अर्काचा केलेला जॅम) म्हणून जी चर्चा होते, तिचं उत्तर दहातल्या नऊ वेळा इथेच असतं.

शहरात पेक्टिनची पावडर मिळते. महाग असते आणि आपल्याला तिची गरज नाही. कवठ, कच्चा जाम, आवळा, कैरी, लाल अंबाडीची बोंडं आणि संत्र्या-लिंबाच्या सालीचा पांढरा भाग, या सगळ्यांत पेक्टिन भरपूर असतं. पिकलेली पपई, पिकलेला आंबा, बोर, पुरतं पिकलेलं जांभूळ आणि चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी या बाबतीत कमजोर. कमजोर फळाला त्याच हंगामातलं जोरदार फळ जोडून दिलं की काम भागतं. जांभूळ जूनमध्ये पिकतं, तेव्हा कवठं संपलेली असतात, पण उशिराच्या गावरान कैऱ्या झाडावर असतात. एक किलो जांभळाच्या गराला पाव किलो कैरीचा कीस शिजवून घालावा. पिकल्या आंब्यालाही कैरीच लागते. बोरं आणि स्ट्रॉबेरी यांच्या वेळेला कवठ असतं. पपई बाराही महिने, तिला हिवाळ्यात आवळा, एरवी लिंबू आणि कच्च्या जामाचं पाणी. एकाच फळाचा जॅम करायचा असेल तरी तीन भाग पिकलेलं आणि एक भाग अर्धकच्चं घ्यावं, कारण फळ अतिपिकलं की त्यातलं पेक्टिन तुटतं. गळून पडलेलं, मऊ झालेलं फळ चवीला कितीही चांगलं असलं तरी जेलीला कुचकामी.

कवठाबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे. महाशिवरात्रीला गूळ घालून चटणी केली की कवठाची आठवण संपते, एरवी ते ढोरांच्या पायाखाली जातं. पिकलेलं कवठ ओळखायला फूटभर उंचीवरून फरशीवर सोडून पाहावं. कच्चं उसळी घेतं, पिकलेलं जिथल्या तिथे बसतं. देठाकडून आंबूस-गोड वासही येतो. कवटी फोडून बिया-रेषांसकट गर काढायचा. हा गर तपकिरी, चिकट आणि घशाला धरणारा असतो, त्याने घाबरू नये. एक किलो गराला दोन लिटर पाणी घालून हाताने कुस्करायचं आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवायचं. मग धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या दुहेरी कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवायचं. खाली थेंब थेंब जमा होतो तो अर्क. कापड पिळायचं नाही. पिळलं की बारीक गर उतरतो, जेली गढूळ होते आणि पुढे काहीही केलं तरी निवळत नाही. पिळल्याशिवाय राहवतच नसेल तर पिळलेला भाग वेगळ्या भांड्यात घ्यावा, तो चटणीला चालतो.

अर्कात पेक्टिन किती आहे हे साखर घालण्याआधीच कळतं. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणावं. काचेच्या पेल्यात एक चमचा थंड अर्क घेऊन त्यात दोन चमचे स्पिरिट काठाने हळूच सोडावं, पेला किंचित फिरवून दोन-तीन मिनिटं थांबावं. अख्खा एकच गोळा झाला तर पेक्टिन भरपूर आहे, लिटरभर अर्काला किलोभर साखर घाला. दोन-तीन तुकडे झाले तर मध्यम, पाऊण किलो घाला. नुसते तंतू तरंगले तर अर्क कमजोर आहे. तो आणखी आटवा, नाहीतर त्यात कवठाचा किंवा कच्च्या जामाचा दाट अर्क मिसळा. पेल्यातलं मिश्रण चाखायचं नाही, लगेच फेकून द्यायचं. स्पिरिटची छोटी बाटली साखरेचे कितीतरी किलो वाचवते.

पुढचं काम झटपट करायचं असतं. अर्क उकळला की साखर घालायची, ती पूर्ण विरघळेपर्यंत आच मंद ठेवायची, मग पाक एकदा कापडातून गाळायचा, कारण साखरेत कचरा असतो. त्यानंतर मात्र मोठ्या आचेवर भराभरा उकळायचं. साखर घातल्यापासून वीस मिनिटांत जेली उतरली पाहिजे. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवली तर आंबट आणि उष्णता मिळून पेक्टिन तोडतात, रंग काळवंडतो, आणि आटतंय तर खरं पण आळत नाही असा प्रकार होतो. म्हणूनच एका वेळी किलो-दीड किलोपेक्षा जास्त साखरेचा घाणा घेऊ नये. पाच किलो एकदम केला तर सरपण वाचेल असं वाटतं, पण तो आटायलाच इतका वेळ लागतो की पेक्टिन अर्ध्या वाटेत संपतं. लिंबूही याच कारणाने शेवटच्या पाच मिनिटांत पिळायचं. कवठाला त्याची गरज पडत नाही, जामाच्या अर्काला मात्र लिटरमागे तीन-चार लिंबं लागतात.

कधी उतरवायचं, हा सगळ्यात अवघड प्रश्न. अनुभवी हात सराट्यावरून (उलथण्यावरून) पडणारी धार बघतात. आधी पाण्यासारखे थेंब पडतात, मग दोन थेंब कडेला येऊन एकमेकांना मिळतात आणि पातळ पापुद्र्यासारखे एकत्र गळतात. तो क्षण आला की गंज (पातेलं) उतरवायचा. ज्याला ही नजर नाही त्याने वजनावर विश्वास ठेवावा, कारण वजन चुकत नाही. रिकामा गंज आणि सराटा मिळून आधी वजन करून घ्या. समजा ते ९०० ग्रॅम भरलं आणि साखर एक किलो घातली आहे. तयार मालाचं वजन साखरेच्या दीडपट, म्हणजे दीड किलो हवं. गंज-सराट्यासकट काटा २४०० ग्रॅमवर आला की झालं. २६०० दाखवत असेल तर अजून दोनशे ग्रॅम पाणी उडायचं आहे. काट्यावर लाकडी पाटी ठेवून तिचं वजन शून्य करून घ्यावं, गरम बूड थेट काट्यावर टेकवू नये. बचत गटाकडे किंवा किराणावाल्याकडे काटा असतोच, तासाभरासाठी मागून आणता येतो.

तापमापी असेल तर आणखी सोपं. (तापाची नव्हे, स्वयंपाकाची. हे सांगावं लागतं.) पुस्तकात १०५ अंश लिहिलेले असतात, ते समुद्रकाठच्या हिशोबाने. आपला बराचसा भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, इथे पाणीच ९९ अंशांना उकळतं. जॅम पाण्याच्या उकळीच्या वर पाच अंशांनी तयार होतो, म्हणजे नागपूर-अमरावतीकडे १०४. चिखलदरा अकराशे मीटरवर, तिथे पाणी ९६च्या थोडं वर उकळतं आणि जॅम १०१-१०२लाच होतो. तिथे कोणी पुस्तक वाचून १०५ची वाट बघत बसला तर स्ट्रॉबेरीची चिक्की होते.

संत्र्याकडे वळू, कारण विदर्भातला सगळ्यात जास्त फसणारा जॅम त्याचाच. रस काढला, चाखला, गोड लागला, उकळला, बाटलीत भरला आणि दुसऱ्या दिवशी कडू. फळात दोष नसतो. संत्र्याच्या बिया, मधला पांढरा दांडा आणि फोडींचे पापुद्रे यांत एक बेचव द्रव्य असतं. रस निघाला की आंबटाच्या संगतीने त्याचं हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होतं, आणि हे लिमोनिन कडूजहर. उष्णतेने हा बदल आणखी लवकर होतो. म्हणून संत्री मिक्सरमधून बियांसकट फिरवायची नाहीत, आणि हाताच्या यंत्रात दाबून पिळायचीही नाहीत. फोडी सोलायच्या, पापुद्रा आणि बी काढून नुसता गर घ्यायचा. काम किचकट आहे, चार बायका बसल्या तरच निभतं. पण कडू जॅमवर दुसरा उपाय नाही, साखर वाढवून तो गोड होत नाही, फक्त महाग होतो.

सालीचा मार्मालेड करायचा तर असा. सहाशे ग्रॅम सोललेला गर, आणि दोन-तीन संत्र्यांच्या सालीच्या आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून केलेल्या काडीएवढ्या पट्ट्या, शंभरेक ग्रॅम. पट्ट्या भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळून पाणी फेकून द्यायचं, असं तीनदा. तिसऱ्या वेळी पट्टी दोन बोटांत दाबली तर तुटली पाहिजे. न तुटणारी पट्टी साखरेत गेली की ती जन्मभर चामड्यासारखी चिवट राहते, कारण साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि ती पुढे शिजतच नाही. हा नियम कैरीला, आवळ्याला, सगळ्यांना लागू: आधी मऊ, मग साखर. पांढरा भाग खरवडून गेला, म्हणजे पेक्टिनही गेलं, ते पाव लिटर जामाच्या किंवा कवठाच्या अर्काने भरून काढायचं. आंबिया बहराचं (हिवाळ्याच्या सुरुवातीचं) संत्रं येतं तेव्हा जाम मिळतो आणि मृग बहराचं (हिवाळा सरतानाचं) येतं तेव्हा कवठ, त्यामुळे अडत नाही. गर, पट्ट्या आणि अर्क एकत्र उकळून सातशे ग्रॅम साखर घालायची, शेवटी चार लिंबांचा रस. माल १०५० ग्रॅमवर आला की गंज उतरवून दहा मिनिटं तसाच ठेवायचा आणि एकदा ढवळून मग भरायचा. लगेच भरला तर साली वर तरंगतात.

सीताफळाचा जॅम करू नका. गर तापला की कडवट होतो, रंग गुलाबी-तपकिरी पडतो, आणि चांगल्या फळाची माती होते. कोणी कितीही आग्रह केला तरी नको. सीताफळ पिकलं की खावं, नाहीतर गर गोठवून ठेवावा.

याउलट लाल अंबाडी. तुरीच्या किंवा कपाशीच्या धुऱ्यावर (बांधावर) हिवाळ्यात ती बोंडांनी लालभडक होते. भाजीची हिरवी अंबाडी वेगळी, इथे जाड मांसल पाकळ्यांची बोंडं हवीत. आतली बियांची हिरवी गुंडी ढकलून काढायची, अर्धा किलो पाकळ्यांना एक लिटर पाणी, पंधरा मिनिटं शिजवून गाळायचं. आंबट आणि पेक्टिन दोन्ही घरचंच, लिंबू नको की काही नको. लिटरभर अर्काला पाऊण ते एक किलो साखर. पहिल्यांदाच जेली करणाऱ्याने अंबाडीपासून सुरुवात करावी, कारण फसवायचं ठरवलं तरी ती सहसा फसत नाही.

फसली तर काय, हे आता. पातळ राहिली तर आधी एक दिवस थांबा, जामाची जेली आळायला कधी कधी तेवढा वेळ घेते. तरी आळली नाही तर किलोमागे वाटीभर दाट कवठाचा अर्क आणि एक लिंबू घालून पुन्हा जोरात उकळा, तेही एकदाच. दुसऱ्यांदा जमलं नाही तर तो सरबताचा पाक समजा, उन्हाळा आहेच. कडेने पाणी सुटलं तर आंबट जास्त झालं किंवा पेक्टिनच्या मानाने साखर जास्त पडली. वैशाखात पत्र्याखाली ठेवलेल्या चांगल्या जेलीलाही पाणी सुटतं. साखरेचे खडे धरले तर आंबट कमी पडलं, कारण आंबटामुळे उकळताना काही साखर फुटून तिचं रूप बदलतं आणि उरलेली खडे धरत नाही. गंजाच्या काठाला चिकटलेले न विरघळलेले दाणे आत पडले तरी त्यांच्याभोवती खडे वाढत जातात, म्हणून काठ ओल्या कापडाने पुसत राहावं. चमचा उभा राहील इतकी घट्ट झाली तर जास्त आटली. अशीत थोडं गरम पाणी कालवून पोळीला लावायला होते, पण चव जळकी असेल तर तो नाद सोडावा.

बुरशी हा वेगळा विषय आहे, कारण तिथे लोक जीव धोक्यात घालतात. वरची लव चमच्याने काढून खालचा जॅम खातात. बुरशीचे धागे आणि तिने सोडलेली विषारी द्रव्यं खालपर्यंत गेलेली असू शकतात. अख्खी बाटली फेकायची, चर्चा नको. बुरशी येते ती बहुतेक वेळा झाकणाच्या चुकीने. कोमट जॅमवर झाकण लावलं की वाफ आत अडकते, तिचं पाणी होऊन वरच्या थरावर टपकतं, तेवढाच थर पातळ होतो आणि तिथेच लव धरते. भरायचं ते उकळतं, काठापासून अर्धा-एक सेंटिमीटर जागा सोडून, आणि झाकण त्याच क्षणी.

बाटल्या जुन्या चालतात, काचेच्याच. गंजाच्या तळाशी फडकं घालून बाटल्या थंड पाण्यात ठेवायच्या, पाणी उकळल्यावर दहा-पंधरा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि जॅम तयार होईपर्यंत गरम राहू द्यायच्या. भरताना फरशीवर नव्हे, लाकडी पाटावर ठेवायच्या, नाहीतर थंड फरशी लागून तडा जातो. गंजलेलं झाकण फेकून द्यावं. लोणच्याच्या बाटलीची काच धुतली जाते, पण तिच्या झाकणाचा वास कशानेच जात नाही, तेव्हा ती लोणच्यालाच राहू द्यावी. कोणी सोडियम बेंझोएट, म्हणजे माल टिकवायची पावडर, घालायला सांगेल. त्याची मर्यादा किलोमागे ग्रॅमच्या पाचव्या भागाएवढी आणि घरचा काटा इतकं बारीक मोजत नाही. साखर पुरेशी आणि बाटली स्वच्छ असेल तर ते लागतही नाही.

भांडं स्टीलचं, पसरट, आणि मालाच्या तिप्पट खोल, कारण जेली उकळून वर येते. फेस फारच चढला तर वाटाण्याएवढं तूप टाकलं की बसतो. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) पातेल्यात आंबट पदार्थ धातूची चव घेतो, पितळ-तांब्यात तर करूच नये. चूल असेल तर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जेलीला छान, भडकन पेटते आणि मोठी आच देते, मात्र सतत कोणीतरी घालत राहावी लागते. तुराट्याही (तुरीच्या काड्या) चालतात. आधी धूर निघून जाऊ द्यायचा आणि मग गंज चढवायचा, कारण जेलीला धुराचा वास पटकन लागतो. चटण्यांना उलट हवं, तिथे बाभळीच्या निखाऱ्याची मंद आच बरी.

चटण्यांचा खर्च त्याहून कमी, पण तिथे शत्रू बदलतो. कोरड्या चटणीला ओल मारते. जवसाची घ्या. पाव किलो जवस मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत भाजायचा, दहा-बारा सुक्या मिरच्या (भिवापुरी असल्या तर रंगाला आणि तिखटाला दुसरं काही बघायला नको), चमचाभर जिरं, दोन चमचे मीठ. पंधरा-वीस लसूण पाकळ्या बारीक चिरून लोखंडी कढईत कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. ओला लसूण तसाच वाटून घातला की चार दिवसांत वास येतो. सगळं पूर्ण थंड झाल्यावर कुटायचं. गरम कुटलं तर जवसाचं तेल सुटून गोळा होतो. आणि कितीही कोरडी केली तरी महिन्याभराची करून ठेवू नये, जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं. अख्खा जवस डब्यात बरेच महिने टिकतो, कुटलेला पंधरा दिवस. थोडी थोडी करणं हीच यातली काटकसर.

शिजवलेल्या आंबट-गोड चटणीत गुळाला जागा आहे. जेलीत मात्र नाही, तिथे गुळातला मळ आणि त्याचा रंग सगळं गढूळ करतो. किलोभर कैरीचा कीस स्वतःच्या पाण्यात झाकून मऊ शिजवायचा, मगच सहाशे-सातशे ग्रॅम गूळ घालायचा. तो आधी अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घेतला तर खडे दाताखाली येत नाहीत. तीस ग्रॅम मीठ, वीस ग्रॅम तिखट, पन्नास ग्रॅम आल्याचा कीस, भाजल्या जिऱ्याची पूड. सराट्याने तळाला रेघ ओढली आणि ती क्षणभर भरली नाही की झाली. हिवाळ्यात भेदरं (टोमॅटो) मातीमोल होतात तेव्हा त्यांचीही करावी. दोन किलो भेदरं शिजवून गाळून त्यात चारशे ग्रॅम गूळ, चाळीस ग्रॅम मीठ, तेवढाच लसूण, पंचवीस ग्रॅम आलं, वीस ग्रॅम तिखट, आटत आल्यावर दोनशे मिली व्हिनेगर. व्हिनेगरच्या जागी चिंचेचा कोळ चालतो, मात्र मग ती आठ-दहा दिवसांची आणि फ्रिजमध्येच.

राहिला कापडातला चोथा. कवठाचा फारसा कामाचा नाही, जामाचा आहे. जेलीचा अर्क गळून गेल्यावर उरलेला लगदा चाळणीवर घासून बिया काढाव्यात. एक किलो गराला एक किलो साखर, दोन लिंबांचा रस, चिमूटभर मीठ. मंद आचेवर ढवळत राहायचं, मिश्रण चटके मारत उडतं म्हणून लांब दांड्याचा सराटा घ्यावा आणि हाताला फडकं गुंडाळावं. कडा सोडायला लागलं की पन्नास ग्रॅम तूप. गोळा सराट्याबरोबर फिरू लागला की तूप लावलेल्या ताटात बोटभर जाडीचा थापायचा. वड्या त्याच दिवशी कापायच्या नाहीत, सुरीला चिकटतात. दुसऱ्या दिवशी कापून दोन थरांत बटर पेपर घालून डब्यात भरायच्या. पावसाळी हवेत त्या ओलावतात, तेव्हा डबा घट्ट हवा.